झोळीची दोरी

सालवडच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं होती आणि दिवसा घरी असणारा पुरुष एकच, निमेश. सकाळी सात चाळीसला त्याची बायको कीर्ती पालघरला जायला निघायची. तिथे एका लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करायची. तिचा हात हलका होता. म्हातारी माणसं तिच्याकडूनच सुई टोचून घ्यायची म्हणून थांबून राहायची. ती जिना उतरली की निमेश लेकीला, पूर्वीला, कडेवर घेऊन कठड्याशी उभा राहायचा. खालून कीर्ती वर बघून काहीतरी बोलायची. तो मान हलवायचा. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली की तो दार लावून घ्यायचा, आणि मग संध्याकाळी साडेसहापर्यंत त्या घरात कुणी बोलायचं नाही.

पूर्वी आता दोन वर्षं चार महिन्यांची झाली होती. तिला अजून एकही शब्द येत नव्हता.

दिवस ठरल्यासारखा जायचा. आधी नाचणीचं सत्त्व. वाटीभर सत्त्व पूर्वीच्या पोटात जायला पाऊण तास लागायचा, कारण प्रत्येक घासानंतर ती उठून गॅलरीत कावळा आलाय का ते बघून यायची. मग बादलीत बसवून आंघोळ. मग कपडे. निमेश दोरीवर कपडे वाळत घालायचा आणि पूर्वी चिमट्यांची टोपली घेऊन खाली उभी राहून एकेक चिमटा वर द्यायची. टोपली रिकामी झाली की दोन्ही पंजे उलटे करून दाखवायची. संपले. निमेशही तसेच पंजे उलटे करायचा आणि दोघं आत यायची.

मग कुकर. कुकर लावला की निमेश ओट्यासमोरून हलायचा नाही. शिटी उचलते, वाफेचा पांढरा फवारा सुटतो, शिटी खाली बसते. एक. पुन्हा उचलते. दोन. तिसऱ्यांदा उचलली की गॅस बंद. हे तो डोळ्यांनी मोजायचा. घर त्याच्याकडे आलं त्या पहिल्या महिन्यात दोनदा डाळ करपली होती. तेव्हा शेजारची सीमाभाभी लाटणं हातात घेऊनच दारात आली होती.

"भैया, आपका कुकर कब से चिल्ला रहा है. सो गए थे क्या?"

"हां भाभी, आंख लग गई."

"अच्छा है. यहां आदमी लोग सोते हैं, कुकर जागता है."

निमेश हसला होता. त्याचा डोळा लागला नव्हता. कुकरकडे पाठ करून, चार हात अंतरावर बसून तो वाटाणे सोलत होता.

निमेशला ऐकू येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. समोरासमोर कुणी बोललं, ओठ दिसले, की बरंचसं कळायचं. ट्रक गेला तर कळायचा, ढोल वाजला तर कळायचा. पण शिटी, बेल, पाखरं, लहान मुलाचं रडणं, असं जे बारीक आणि उंच असतं ते सगळं गेलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, कीर्तीलाही नाही. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं ती दिवसातून चारदा म्हणायची आणि तेच वाक्य पुन्हा बोलायची. लॅबमधल्या बायकांचे नवरेही असेच होते म्हणे, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं.

तो मूळचा चिंचणीचा. बाप आणि थोरला भाऊ बोटीवर. निमेशलाही दोनदा नेऊन पाहिलं, पण खोल पाण्यात गेलं की त्याचं डोकं फिरायचं, ओकून ओकून अर्धा व्हायचा. तिसऱ्यांदा बापाने नेलं नाही. मग तो तारापूरच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात लूमवर लागला आणि अकरा वर्षं तिथेच राहिला. शेडमध्ये चौसष्ट लूम आणि एका माणसाकडे आठ. कानात तोंड घालून ओरडलं तरी शेजाऱ्याला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथे सगळा कारभार हातांनी चालायचा. अंगठा ओठांना लावला की चहा. पंजे उलटे केले की बीमवरचा धागा संपला. खांद्यावर दोन बोटं टेकवली की साहेब येतोय. आणि कुणाला हाक मारायची असेल तर मागून हात लावायचा नाही, हा तिथला पहिला धडा. माणूस दचकतो आणि त्याचा हात लूममध्ये जातो. वळसा घालून समोर यायचं आणि छातीवर दोनदा थोपटायचं.

कानात घालायला पिवळे बोळे मिळायचे. नवी पोरं ते घालायची. जुनी माणसं खिशात ठेवायची, कारण लूम बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो, आणि तो ज्याला ओळखता येतो त्याच्या कापडात खोट कमी निघते. निमेशला तो फार चांगला ओळखता यायचा.

पूर्वी पाच महिन्यांची असताना शेड बंद झाली. यंत्रं दुसऱ्या राज्यात गेली आणि माणसं घरी. निमेशने दुसऱ्या एका कारखान्यात अर्ज केला. तिथे वैद्यकीय तपासणीत त्याला एका लहानशा काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. तो बराच वेळ बसून राहिला. काही आलं नाही. मग, एवढा वेळ झाला म्हणजे एव्हाना आवाज आला असणार, अशा अंदाजाने तो अधूनमधून बोट वर करत राहिला. बाहेर आल्यावर डॉक्टरने कागदावरची रेघ दाखवली. ती जिन्यासारखी उतरत गेली होती.

घरी आल्यावर त्याने कीर्तीला सांगितलं, जागा भरल्या.

कीर्तीची रजा तेव्हा संपत आली होती. "तुला झेपेल का पोरगी?" तिने विचारलं होतं. "स्पष्ट सांग. नाहीतर आई तिला शिरगावला न्यायला तयार आहे. बोलूनच ठेवलंय तिने."

"झेपेल," निमेश म्हणाला होता.

तेव्हापासून त्याच्याकडे करण्यासारखं हे एकच काम होतं. आणि एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती. त्याच्या कानांचं कळलं की पूर्वी शिरगावला जाणार. ज्या माणसाला रडणं ऐकू येत नाही त्याच्याकडे तान्हं मूल कोण ठेवेल? त्याने स्वतःही ठेवलं नसतं.

पूर्वी दहा महिन्यांची असताना एकदा ती पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडली. निमेश गॅलरीत कपडे वाळत घालत होता. किती वेळ गेला ते त्याला कधीच कळलं नाही. आत आला तेव्हा तिचं तोंड जांभळं झालं होतं, ओठ ताणून उघडे होते, मान फटीत वळली होती, आणि त्याच्यापर्यंत काहीच येत नव्हतं. टीव्हीचा आवाज बंद करून बघावं तसं. त्याने तिला उचललं. छातीशी धरल्यावर मात्र तिचं रडणं बरगड्यांत जाणवलं. संध्याकाळी कीर्तीने तिचे सुजलेले डोळे बघून विचारलं, तर तो म्हणाला, "दात येतायत."

दुसऱ्या दिवशी त्याने झोळीला दोरी बांधली. छताच्या हुकाला कीर्तीच्या जुन्या साडीची झोळी होतीच. दोरीचं एक टोक झोळीला आणि दुसरं त्याच्या पायाच्या अंगठ्याला. घरोघरी बाया निवडता-चिरताना अशीच दोरी पायाला बांधून झोका देतात, त्यामुळे बघणाऱ्याला त्यात वावगं काही दिसलं नसतं. निमेश झोका देत नव्हता. तो दोरी ताठ ठेवून बसायचा. पूर्वीने कूस बदलली की अंगठ्याला हलकी ओढ बसायची. उठून बसली की हिसका. अकरा वर्षं ताण्याच्या धाग्यांवरून हात फिरवलेल्या माणसाला एवढं पुरत होतं.

पुढचं पूर्वीने आपलं आपणच शिकून घेतलं. बेल वाजली की ती दाराकडे बघायची, निमेश मात्र भाजी चिरतच राहायचा. दाराशी जाऊन परत यायची. रडून बघितलं, ओरडून बघितलं. मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं असावं की या माणसाच्या समोर जावं लागतं. ती वळसा घालून समोर यायला लागली, आणि निमेश तिला उठवताना जसं थोपटायचा तसं त्याच्या छातीवर दोनदा थोपटायला लागली. थोपटलं की तो उठायचा. दार, फोन, खाली आलेला भाजीवाला, सीमाभाभीच्या घरी पडलेलं भांडं, सगळ्यासाठी ती थोपटायची. पुढे ती चहासाठीची खूण पाण्यासाठी वापरायला लागली. एकदा कीर्ती येताना दिसली म्हणून निमेशने गमतीने खांद्यावर दोन बोटं टेकवली. तेव्हापासून कीर्ती जिन्यात आली की पूर्वी खांद्यावर बोटं टेकवून उभी राहायची.

कीर्तीला वाटलं, पोरीला खांद्यावर खाज येते. तिने पंधरा दिवस मलम लावलं.

"पुरळ तर दिसत नाही काही," ती म्हणायची.

"बरं होईल," निमेश म्हणायचा.

शिरगावहून कीर्तीची आई, हंसाबाई, महिन्यातून एकदा सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन यायची. दिवसभर बसायची आणि दिवसभर बोलायची. निमेशला ती यायच्या आधी धडकी भरायची आणि आल्यावर थोडं बरंही वाटायचं, कारण तिचं बोलणं त्याला जवळजवळ सगळं कळायचं. किनाऱ्यावरच्या बाईचा आवाज. समोर बसलेल्या माणसाशीही ती होडीवरच्या माणसाशी बोलावं तसं बोलायची.

"जावाय, तुमी दोघं दिवसभर करता काय? मौन धरता?"

"आहे की, आई. खेळते ती."

"खेळते ते दिसतंय मला. बोलते कवा? कीर्ती एवढी होती तवा घरात कोणाला बोलू देत नसे. हिच्याशी बोला जरा. कावळा दावा, कावळा म्हना. मांजर दावा, मांजर म्हना. फुकट हाय."

निमेश मान खाली घालून झोळीची दोरी अंगठ्याला बांधत होता. हंसाबाई त्या दोरीकडे बघत राहिली. मग झोळीकडे, मग पुन्हा दोरीकडे. तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं, आणि बोंबलांची डोकी मोडायला घेतली.

जानेवारीत अंगणवाडीच्या जागृतीताईंनी कार्डावर लिहिलं, बोलणं नाही, कान तपासून घ्या. कीर्ती ते कार्ड घेऊन बराच वेळ पलंगावर बसली. तिच्या लॅबच्या वरच्याच मजल्यावर कानांची तपासणी करणाऱ्या मॅडम होत्या. अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

त्या अकरा दिवसांत कीर्ती नीट जेवली नाही. पूर्वीच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायची. पूर्वी कधी वळायची, कधी खेळात असली की वळायची नाही. न वळल्याचंच कीर्ती लक्षात ठेवायची. मोबाइलवर बहिऱ्या मुलांचे व्हिडिओ बघायची. भाजी पानात वाढून झाल्यावर पुन्हा कढईत टाकायची. एकदा निमेशसमोर बसून म्हणाली, "माझ्या पोटात असताना मला ताप आला होता ना, आठवतंय तुला? सातव्या महिन्यात."

निमेशला माहीत होतं की पोरीला ऐकू येतं. त्याचा दिवस त्यावरच चालत होता. दाराची बेल, खालच्या नळाला आलेलं पाणी, सगळं तीच त्याला सांगत होती. तिला ऐकू येतं, एवढं एक वाक्य कीर्तीला पुरलं असतं. पण तिने विचारलं असतं, तुला कसं कळलं? आणि त्याच्यापाशी त्याचं उत्तर एकच होतं. तो वाक्य तोंडात धरून बसायचा. मग ताटं उचलायचा. त्या दिवसांत त्याला फारसं काही वाटतही नव्हतं. हात बधिर झाल्यावर आपलाच हात दुसऱ्याचा असल्यासारखा दिसतो, तसा तो स्वतःला भांडी घासताना बघायचा.

तपासणीच्या दिवशी कीर्तीने पूर्वीला निळा फ्रॉक घातला. खोली बघितल्याबरोबर निमेशने ओळखली. तसंच जाड दार, तशीच काच, भिंतींना तसंच काळं भोकाभोकांचं अस्तर. मॅडम वयाने लहान होत्या, समोर बघून स्वच्छ बोलायच्या.

"बाबा, तुम्ही हिला मांडीवर घेऊन आत बसा. आई माझ्याजवळ बाहेर थांबतील. स्पीकरमधून आवाज येईल. आवाज आला की हिने ठोकळा डब्यात टाकायचा. दोन-तीनदा तुम्ही दाखवा, मग तुम्ही काही करायचं नाही. आणि हे बघा, तुम्हाला आवाज आला तरी तोंडावर दाखवायचं नाही. मुलं आईबापाच्या तोंडाकडे बघून टाकतात."

"नाही दाखवणार," निमेश म्हणाला.

आत गेल्यावर मॅडमनी काचेतून बोट वर केलं तेव्हा तेव्हा त्याने ठोकळा टाकून दाखवला. मग त्यांनी मान खाली घातली. पूर्वी लाल ठोकळा मुठीत धरून बसली. कीर्ती काचेपलीकडे पर्स छातीशी घेऊन उभी होती.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पूर्वीने ठोकळा मांडीवर ठेवला, मागे वळली, आणि निमेशच्या छातीवर दोनदा थोपटलं.

त्याने सवयीने वर बघितलं. दाराकडे बघितलं. दार बंद होतं. त्याने ठोकळा पुन्हा तिच्या हातात दिला. तिने तो ठेवला आणि पुन्हा थोपटलं. मग थोडं थांबून पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं. आवाज येत होते. एकामागून एक, बारीक होत जाणारे, आणि तो एकेक आवाज ती आपल्या बापाला नेमाने पोचवत होती.

काचेपलीकडे मॅडमचं लक्ष बटणांवर होतं. कीर्तीचं पूर्वीवर. निमेशने पूर्वीचे दोन्ही हात आपल्या एका हातात धरले. सहज मावले. असेच धरून ठेवले असते तर कागदावर काहीच उमटलं नसतं. पोरगी बसत नाही, पुन्हा या, असं झालं असतं. नाहीतर पोरीला ऐकू येत नाही, असंही झालं असतं. पूर्वीने हात सोडवायची धडपड केली नाही. तिने फक्त मान वर करून त्याच्याकडे बघितलं. आवाज आला असणार, कारण त्याच्या मुठीतली तिची बोटं दोनदा हलली.

त्याने हात सोडले.

ती पुढची दहा मिनिटं थोपटत राहिली. कीर्तीने पर्स खाली ठेवलेली त्याला दिसली. तिची नजर आता पोरीवर नव्हती.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "हिला छान ऐकू येतं. अगदी बारीकातलं बारीक. कानांचं काही नाही." मग त्यांनी टेबलावरचा कागद उचलून तोंडासमोर धरला. निमेश कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिला. मांडीवरच्या पूर्वीने त्याच्या छातीवर दोनदा थोपटलं आणि कागदाकडे बोट दाखवलं.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "मी तुमचं नाव विचारलं, दोनदा," त्या म्हणाल्या.

दवाखान्याखाली रसवंती होती. कीर्ती आत जाऊन बसली, म्हणून निमेशही बसला. दोन अर्धे ग्लास आले. कीर्ती त्याच्या अगदी समोर बसली होती.

"कधीपासून?"

"शेड बंद झाली तेव्हा कळलं. आधीपासून असेल."

"आणि हिला ऐकू येतं, हे?"

"माहीत होतं."

"अकरा दिवस."

"हो."

"मी सातव्या महिन्यातल्या तापाबद्दल बोलत होते तेव्हाही माहीत होतं तुला."

"हो."

तिने ग्लास थोडा लांब सरकवला. "आणखी काय आहे?"

मग त्याने फटीत पडल्याचं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज किती मोठा होत होता ते त्याला कळत नव्हतं. रसवाला वळून बघत होता. कीर्तीने ऐकून घेतलं. ती रडली नाही. पूर्वी उसाचं चिपाड घेऊन टेबलावर आपटत होती आणि दर वेळी निमेशकडे बघून थोपटल्यासारखा हात करत होती.

"शिरगावला चला," कीर्ती म्हणाली. "आत्ताच."

हंसाबाई अंगणात होती. काठ्यांच्या आडव्या मांडवावर बोंबील जबडे एकमेकांत अडकवून टांगले होते आणि ती ते उलटत होती. कीर्ती तिच्याशी बोलायला लागली तेव्हा तिची पाठ निमेशकडे होती. त्याला फक्त तिचे खांदे दिसत होते, आणि हंसाबाईचं तोंड. हंसाबाईचं मात्र सगळं कळत होतं.

"मला काय सांगतेस? मला माहीत हाय ते."

कीर्तीने काहीतरी विचारलं.

"दोरीवरनं. झोका देनाराची दोरी ढिली पडते, ताठ होते, ढिली पडते. याची आपली ताठच्या ताठ. तुझा बापूस इंजिनाजवळ बसून बसून बहिरा झालेला, तो बोटीत जाळ्याची दोरी अशीच पायाला बांधून निजत असे. मी काय उगाच वरडून बोलते? तीस वर्सांची सवय हाय ती."

कीर्तीने पुन्हा काही विचारलं असावं. हंसाबाईने हातातला बोंबील खाली केला.

"मला वाटलं तुला माहीत हाय. बायकोला माहीत नसतं असं मी कुटं ऐकलं नाय."

कीर्तीचे खांदे हलले नाहीत. मग ती बोलली, आणि या वेळी तिने बोलायच्या आधी निमेशकडे तोंड केलं. एकेक शब्द सुटा करून, लॅबमधल्या म्हाताऱ्या पेशंटशी बोलावं तसं ती म्हणाली, "पूर्वी इथे राहील. बोलायला लागेपर्यंत. मी तिला तुझ्याकडे एकटीला ठेवू शकत नाही."

निमेशने मान हलवली. दोन वर्षं ज्या वाक्याची तो वाट बघत होता ते असं येऊन गेलं आणि त्याला काहीच झालं नाही. तो पूर्वीच्या चपलेचा पट्टा लावत होता, तो त्याने लावला.

"राहू दे की," हंसाबाई म्हणाली. "नि तिच्यामागं धावेल कोन? माझे गुडगे बगितले? सकाळी बाजारात मी पाटी घेऊन बसू, का पोर धरू?"

"आई, मग—"

"मग काय? बापाला पन ठेव. धुनं, आंगोळ, जेवान, सगळं येतं त्याला. बोलायचं तेवढं मी बोलते. त्याला दाम नाय पडत."

कीर्ती आईकडे बघत राहिली. चार दिवसांनी तिने सालवडच्या घरून दोघांचे कपडे आणले आणि स्वतःचेही आणले.

आता कीर्ती शिरगावहूनच पालघरला जाते. निघताना निमेशच्या समोर येऊन उभी राहते आणि काय ते सांगते. तेवढंच सांगते. आधी ती एकच गोष्ट चारदा बोलायची आणि चिडायची. आता चिडत नाही. सरकारी दवाखान्यात त्याच्या कानाच्या मशीनसाठी कागद दिले आहेत, होळीनंतर बोलावलं आहे. कागदावरची रेघ तशीच उतरत गेलेली आहे, जरा जास्तच.

पूर्वी बोलते. पहिला शब्द बोंबील होता. मग आजी, मग नको, मग मांजर. हे निमेशला हंसाबाई सांगते, अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून, मोठ्याने. तो पूर्वीच्या ओठांकडे बघतो. लहान मुलांचे ओठ वाचता येत नाहीत, ते त्याला आता कळलं आहे. खुणा ती विसरत चालली आहे. पाण्याची गेली. खांद्यावरची दोन बोटं अजून आहेत, पण ती आता बाजारातून आजी आली की टेकवते.

दुपारी हंसाबाई कलंडते तेव्हा निमेश ओसरीत झोळी बांधतो. दोरीही बांधतो. आता तशी गरज नाही, ओसरीत दोन बाया येऊन-जाऊन असतात आणि पोरीचा आवाज कुणीही ऐकेल. तरी तो अंगठ्याला गाठ मारतो, भिंतीला टेकतो आणि समोर वाळणाऱ्या मासळीवर कावळे येऊ नयेत म्हणून काठी जवळ घेऊन बसतो.

त्या दिवशी ती लवकर जागी झाली. अंगठ्याला ओढ बसली, कूस बदलल्याची. मग काही वेळ काही नाही. मग दोन हिसके, सारखे, एकामागोमाग एक. झोपेतले असे नसतात. त्याने वर बघितलं. झोळीच्या काठावरून पूर्वीचं डोकं वर आलं होतं आणि दोरी तिच्या मुठीत होती. तिचे ओठ हलत होते.

दारात हंसाबाई उठून आली होती, केस सोडलेले, ओरडत होती. "हाक मारते ती तुमाला. बाबा म्हनते. ऐकता का, जावाय? किती वेळ झाला, बाबा-बाबा चाललंय तिचं."

"कळलं," निमेश म्हणाला.

त्याने अंगठ्याची गाठ सोडली, काठी भिंतीला उभी केली आणि तिला खाली घ्यायला उठला.